खेचरवाडीकर

मराठीत मोल्सवर्थ हा माणूस नाही, ते पुस्तक आहे. ‘मोल्सवर्थमध्ये काय दिलंय बघ’ असं कुणी म्हटलं तर डोळ्यांपुढे टोपीवाला साहेब येत नाही. येतो तो जाडजूड ग्रंथ, दोन रकान्यांत दाटीवाटीनं बसवलेला बारीक टाईप, आणि हवा असलेला शब्द सोडून भलत्याच शब्दात रमलेले आपण. ‘मोल्सवर्थ कुणी नेला?’, ‘मोल्सवर्थला वाळवी लागली’ ही वाक्यं आपल्याकडे कुणालाच विचित्र वाटत नाहीत. कोशाला कर्त्याच्या आडनावानं हाक मारायची आपली रीतच आहे. दाते-कर्वे म्हणजे महाराष्ट्र शब्दकोश, वीरकर म्हणजे शाळकरी मुलांचा इंग्रजी-मराठी कोश. फरक एवढाच की दाते, कर्वे आणि वीरकर मंडळी कोशाबाहेरही भेटतात, लग्नात शेजारी जेवायला बसतात. मोल्सवर्थ मात्र कोशाबाहेर कुठे भेटत नाही.

इंग्लंडातसुद्धा तो फारसा भेटत नाही. स्मिथ, जोन्स, टेलर यांच्या गर्दीत हे आडनाव शोधावंच लागतं. आणि शोधायला लागलं की आधी आपलं मराठी डोकं आडवं येतं. ‘मोल’ आणि ‘वर्थ’. एक शब्द आपला, एक त्यांचा, अर्थ एकच! कोशकाराच्या आडनावातच मूळ शब्द आणि त्याचा प्रतिशब्द शेजारी-शेजारी बसलेत म्हटल्यावर नियतीनं हा गृहस्थ याच कामासाठी नेमून पाठवला होता असं वाटायला लागतं. दोन्ही शब्द इंग्रजी धरले, तर ‘मोल’ म्हणजे अंगावरचा तीळ; मग आडनावाची किंमत तिळाएवढी होते. अशा व्युत्पत्त्या जेवणानंतर सुपारी कातरत कराव्यात आणि पानाच्या पिंकेबरोबर सोडून द्याव्यात. खरी व्युत्पत्ती नेहमीसारखी जास्त साधी आणि जास्त मजेदार आहे.

मोल्सवर्थ हे एका गावाचं नाव आहे. पूर्वीच्या हंटिंग्डनशरमधलं, आता केंब्रिजशरमध्ये गेलेलं हे एक चिमुकलं खेडं. नॉर्मन राजा विल्यमनं इंग्लंड जिंकल्यावर आपल्या हाती नेमकं काय लागलं याची गावोगाव मोजदाद करवली, त्या 1086 सालच्या डूम्सडे दप्तरात हे गाव ‘मोल्सवर्डे’ अशा रूपात नोंदलेलं आहे. नावातला ‘वर्थ’ म्हणजे किंमत नव्हे. जुन्या इंग्रजीत वर्थ म्हणजे कुंपण घातलेली जागा, घर-गोठ्याचं आवार. आपण वाडी म्हणू. आणि वाडी कुणाची, तर मूल नावाच्या माणसाची. आता हा मूल कोण, कुठला, त्यानं तिथे गुरं पाळली की डुकरं, काही पत्ता नाही. नावाचा अर्थ मात्र कळतो. जुन्या इंग्रजीत मूल म्हणजे खेचर. दोन जातींच्या आईबापांपोटी जन्मलेल्यालाही तसं म्हणत असावेत.

म्हणजे साठ हजार मराठी शब्दांना अर्थ देणाऱ्या ग्रंथावर सोनेरी अक्षरांत जे नाव छापलं जातं, त्याचा आपल्या वळणाचा अर्थ झाला खेचरवाडीकर.

यात हसण्यासारखं आहे, पण हिणवण्यासारखं नाही. ज्या मुलखात गाढवे, लांडगे, कोल्हे, उंदरे आणि ढेकणे ही आडनावं घेऊन माणसं बोर्डात पहिली आलेली आहेत, तिथे खेचराचं काय एवढं! शिवाय मूल हे नाव राजघराण्यातही होतं. वेसेक्सचा राजा कॅडवाला याच्या भावाचं नाव मूल. त्यानं केंट प्रांतावर स्वारी केली, तिथे राज्यही मिळवलं, आणि 687 साली केंटच्या लोकांनी त्याला आणखी बारा जणांसह जाळून मारलं. अँग्लो-सॅक्सन बखरीत ही हकिगत आहे, आणि पुढे 694 साली केंटवाल्यांनी या जाळल्याची भरपाई भरून तह केला तेही आहे. कॅडवाला हे नाव मुळात ब्रिटन लोकांकडचं, सॅक्सन नव्हे. त्यामुळे या घरात सोयरीक दोन्हीकडची असावी आणि भावाचं नाव त्यावरूनच पडलं असावं, असा तर्क करायला जागा आहे. आपला वाडीवाला मूल हा नव्हे. पण खेचर हे नाव राजपुत्राला चालत होतं, तर शेतकऱ्याला का नको?

गावावरून आडनाव ही भानगड मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. अर्धा महाराष्ट्र आणि जवळजवळ सगळा गोवा ‘कर’ लावून फिरतो. यातली गंमत अशी की गावाचं आडनाव गावात निरुपयोगी. साताऱ्यात सगळेच साताऱ्याचे. तिथे कुणाला सातारकर म्हणून हाक मारली तर चौकातली सगळी मंडळी वळून बघतील. सातारकर व्हायचं तर सातारा सोडावा लागतो. इंग्लंडातही हेच झालं. मूलच्या वाडीत राहणाऱ्याला मोल्सवर्थ म्हणायचं कुणाला काही कारण नव्हतं. कुणीतरी ती वाडी सोडली, दुसऱ्या गावी गेला, आणि तिथल्या लोकांनी ‘तो नवा जॉन, मोल्सवर्थचा’ म्हणून खूण ठेवली. नॉर्मन अंमलानंतरच्या दोन-तीनशे वर्षांत अशा खुणा बापाकडून मुलाकडे जायला लागल्या. 1538 साली टॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढून प्रत्येक पॅरिशला जन्म, लग्न आणि मरणाची वही ठेवायला लावली, तेव्हा त्या जास्तच पक्क्या झाल्या. अर्थात पाद्रीबुवांनी कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं. आपल्याकडे मास्तरांनी दाखल्यावर जे लिहिलं तेच आडनाव, असं कितीतरी घरांत झालेलं आहे, तोच न्याय.

आडनाव दुर्मीळ का होतं याचंही उत्तर इथेच आहे. लोहार प्रत्येक गावात होता, म्हणून स्मिथ रानोमाळ उगवले. जोशी आणि कुलकर्णी आपल्याकडे याच कारणानं पैशाला पासरी. पण मोल्सवर्थ गाव एकच, तेही चिमूटभर; तिथून बाहेर पडून पडून किती माणसं पडणार? त्यात ज्याला मुलगे नाहीत त्याच्यापाशी नाव संपतं. बड्या घराण्यांची नावं अशी विझताना पाहून फ्रान्सिस गॅल्टनला 1873 साली प्रश्न पडला, की आडनाव नामशेष होण्याची शक्यता गणितानं काढता येईल का? वॉटसन नावाच्या पाद्र्यानं ते गणित मांडलं. आज तेच गणित साथीच्या फैलावासाठी आणि अणुभट्टीतल्या साखळी प्रक्रियेसाठी वापरतात. लॉर्डांची वंशबुडी मोजताना सापडलेलं सूत्र अणूला लागू पडावं, हा इंग्रजी कुलाभिमानाचा जगाला झालेला सगळ्यात मोठा फायदा असावा.

कुलाभिमानात इंग्रज आपल्याला हार जात नाही. आपल्या कुलवृत्तांतात मूळपुरुष परशुरामाच्या चितेवरून उठून तरी येतो, नाहीतर उदेपूरहून घोड्यावरून तरी येतो. पायी कुणाचाच येत नाही. मोल्सवर्थ घराण्याच्या वंशावळीत वॉल्टर द मोल्सवर्थ नावाचे सरदार पहिला एडवर्ड याच्याबरोबर धर्मयुद्धाला गेले असं सांगतात. असतील गेले. प्रत्येक इंग्रजी घराण्याचा एक तरी पूर्वज धर्मयुद्धाला गेलेला असतो. तेवढे सगळे खरोखर गेले असते तर जहाजं बुडाली असती.

कागदोपत्री ठळक दिसायला लागतात ते सतराव्या शतकातले मोल्सवर्थ. त्यातल्या हेंडर मोल्सवर्थनं जमैकात राज्य चालवलं, गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचं कामही पाहिलं आणि 1689 साली बॅरोनेट ही पदवी मिळवली. कुलवृत्तांतात पदवी मोठ्या टाइपात येते आणि व्यापार बारीक टाइपात. हे सगळीकडचंच.

मला आवडतो तो डब्लिनचा रॉबर्ट. हा 1656 साली जन्मला, व्यापारी बाप त्याच वर्षी गेला. मोठेपणी तो डेन्मार्कच्या दरबारी इंग्लंडचा वकील म्हणून राहिला आणि परत येऊन त्यानं डेन्मार्कचा असा वृत्तान्त छापला की डॅनिश दरबार खवळून उठला. राजाच्या एकहाती सत्तेनं अख्खा देश कसा खालमानेचा होतो, हे त्यात होतं. 1716 साली तो व्हायकाउंट झाला, पण आयर्लंडचा. त्यामुळे लॉर्ड असूनही त्याला लंडनच्या कॉमन्स सभेत बसता येत असे. आणि तिथे त्यानं जे भाषण केलं त्याला आजही तोड नाही. 1720 साली साउथ सी कंपनीचा फुगा फुटून हजारो लोक भिकेला लागले. संचालकांवर कारवाई कोणत्या कायद्यानं करायची, असा कीस सभेत चालू होता. रॉबर्टसाहेब उठले आणि म्हणाले, की रोमन लोकांकडे पितृहत्येसाठी कायदा नव्हता, कारण असं कुणी करेल हेच त्यांना सुचलं नव्हतं. पण पहिला पितृघातकी सापडताच त्यांनी त्याला पोत्यात शिवून टायबर नदीत टाकलं. तेव्हा या संचालकांनाही पोत्यात शिवा आणि टेम्सात सोडा. पोती कुणी शिवली नाहीत, मालमत्ता मात्र जप्त झाल्या. आपल्याकडे एखादी पतपेढी बुडते आणि ठेवीदार बंद शटरसमोर उभे असतात, तेव्हा मला या खेचरवाडीकराची फार आठवण येते.

दुसरी पाती कॉर्नवॉलमध्ये पेनकॅरो नावाच्या वाड्यात राहिली. तिथल्या सर विल्यम मोल्सवर्थनं टॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाचं समग्र लेखन 1839 ते 1845 या काळात इंग्रजीत 11 आणि लॅटिनमध्ये 5 खंडांत छापून काढलं. शिवाय 1855 साली तो वसाहतींचा मंत्री झाला आणि त्याच वर्षी वारला. सामान्य इंग्रजाला मात्र तो एका झाडामुळे ठाऊक आहे. चिली देशातून आणलेलं, अंगभर टोकदार खवल्यांची पानं असलेलं एक विक्षिप्त झाड त्याच्या बागेत होतं. ते पाहून पाहुणा आलेला चार्ल्स ऑस्टिन नावाचा वकील म्हणाला, की यावर चढायचं तर माकडालाही कोडं पडेल. तेव्हापासून त्या झाडाचं नाव ‘मंकी पझल’ पडलं, अशी त्या बागेची हकिगत. मोल्सवर्थांच्या घरी कोशात घालण्याजोगा शब्द जन्मायचा तो असा, चहाच्या वेळी.

या पातीनं पुढे वारशासाठी सेंट ऑबिन हे दुसरं आडनाव जोडून घेतलं आणि ते मोल्सवर्थ-सेंट ऑबिन झाले. आपल्याकडे दोन आडनावं लावणाऱ्या सुनेकडे अजूनही भुवया उंचावून बघणारे लोक आहेत. त्यांना सांगायला हरकत नाही की इंग्रज जमीनदार हे काम इस्टेटीसाठी बिनदिक्कत करत आलेले आहेत, तेही पुरुष असून.

सुनेवरून आठवलं. ‘द ककू क्लॉक’ हे 1877 साली आलेलं मुलांचं पुस्तक लिहिणाऱ्या बाई पुढे पुस्तकांवर ‘मिसेस मोल्सवर्थ’ एवढंच नाव लावत. लॉर्ड घराण्यातल्या त्यांच्या नवऱ्यापासून त्या 1879 साली कायदेशीर विभक्त झाल्या. नवरा सुटला, आडनाव राहिलं, आणि पुढची कितीतरी पुस्तकं त्याच नावावर खपली. लग्नातून त्यांच्या हाती लागलेली टिकाऊ वस्तू तीच.

आणखी एक पाती रेल्वेत. सर गिल्फर्ड मोल्सवर्थ हे सिलोनात आणि मग हिंदुस्थान सरकारकडे रेल्वेचे मोठे अभियंते. त्यांचं सूत्रांचं खिशात मावणारं पुस्तक जुन्या ओव्हरसियरांच्या कोटात असायचंच. पर्सी मोल्सवर्थ हे लष्करातले अभियंते सिलोनात त्रिंकोमालीला दुर्बीण लावून गुरू आणि मंगळ यांची चित्रं काढत बसत. आज मंगळावर मोल्सवर्थ नावाचं विवर आहे. त्या एका वाडीतून निघालेलं नाव इतकं लांब गेलं. न्यूझीलंडात मोल्सवर्थ नावाचं त्या देशातलं सगळ्यात मोठं गुरांचं कुरण आहे, सुमारे 1,80,000 हेक्टरांचं. मूलनं एवढी वाडी स्वप्नातही पाहिली नसेल.

खुद्द गावाच्या वाट्याला काय आलं? दुसऱ्या महायुद्धात विमानतळ. तिथून अमेरिकन बाँबफेकी विमानं जर्मनीवर जात. पुढे 1980च्या दशकात तिथे अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं, तेव्हा शांततावादी मंडळींनी त्या माळावर राहुट्या ठोकल्या. फेब्रुवारी 1985 मध्ये एका रात्रीत सैन्यानं आणि पोलिसांनी त्यांना उठवलं, सगळ्या तळाभोवती कुंपण घातलं, आणि संरक्षणमंत्री मायकेल हेसेल्टाइन लष्करी जाकीट चढवून पाहणीला आले. ज्या गावाच्या नावातच कुंपण आहे तिथे कुंपण घालायला राहुट्यांतल्या अहिंसक मंडळींवर दीड हजाराच्या आसपास सैनिक आणावे लागले.

आता आपल्या मोल्सवर्थकडे. जेम्स टॉमस मोल्सवर्थ, जन्म 1795, कंपनी सरकारच्या पलटणीत नोकरी. पेशवाई नुकती बुडाली होती आणि ज्या मुलखावर राज्य करायचं तिथली भाषा साहेबांना कळत नव्हती. यानं शब्द गोळा करायला घेतले. जोडीला जॉर्ज आणि टॉमस कँडी हे जुळे भाऊ होते, आणि खरा भार उचलायला शास्त्रीमंडळी. या मंडळींनी सिद्ध केलेला महाराष्ट्र भाषेचा कोश 1829 साली निघाला, आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली. शास्त्र्यांची आडनावं वाचत बसावं अशी आहेत: क्रमवंत, घगवे, फडके, जोशी, शुक्ल, गोडबोले. वेदाचा क्रमपाठ म्हणणारे ते क्रमवंत, हे आडनाव तर मोल्सवर्थपेक्षाही दुर्मीळ. एकाच कामावर एकीकडे परशुरामपंत गोडबोले आणि दुसरीकडे कँडी! इतका गोडवा भरलेली कचेरी मराठीच्या इतिहासात पुन्हा झाली नाही. टॉमस कँडींनी पुढे मराठीत विरामचिन्हं रुळवली, त्यामुळे हे उद्गारचिन्हही त्यांच्याच कृपेचं.

यांतल्या एखाद्या शास्त्रीबुवांनी साहेबाला आडनावाचा अर्थ विचारला असेल का? मला वाटतं, विचारलाच असेल. शब्दाचा अर्थ विचारण्याबद्दलच पगार मिळत होता. गाव, कूळ, गोत्र विचारल्याशिवाय आपण प्रवासात शेजारच्याला पाणीही देत नाही, तर वर्षानुवर्षं समोर बसलेल्याला सोडणार? साहेबानं काय सांगितलं असेल ते सांगता येत नाही, पण उत्तर ऐकून शास्त्रीबुवांनी आपल्या मनात त्याला ‘कर’ लावून टाकला असणार.

तब्येत बिघडून साहेब विलायतेला गेला. अर्धवट राहिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडींनी 1847 साली पुरा केला. मग साहेब पुन्हा आला, महाबळेश्वरच्या थंडीत बसून सगळा कोश नव्यानं तपासला, चाळीस हजारांच्या आसपासचे शब्द साठ हजारांवर नेले आणि 1857 साली दुसरी आवृत्ती मुंबईत छापली. बाकीचा देश त्या वर्षी काय करत होता ते सांगायला नको. त्या धामधुमीत कुणीतरी बसून मराठी शिव्यांचे, भाज्यांचे, शेतीच्या अवजारांचे आणि सासूसुनांच्या टोमण्यांचे अर्थ लावत होतं. पुण्यात 1975 साली हा कोश पुन्हा छापला गेला, आणि आता शिकागो विद्यापीठाच्या कृपेनं तो फोनवरही उघडतो. वाळवीची सोय राहिलेली नाही.

पुण्याला वर्थ मंडळी नवी नव्हती. कवी वर्ड्‌स्वर्थचा नातू विल्यम वर्ड्‌स्वर्थ डेक्कन कॉलेजात आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात प्राचार्य होता. तेही आडनाव यॉर्कशरमधल्या कुणाच्या तरी वाडीचं. शब्दांशी त्याचा काही संबंध नाही. एक कवी आणि एक कोशकार, दोघांच्याही नावात शब्द आणि मोल दिसावं आणि दोन्हीकडे निघावं कुंपणच!

आडनावांचा असा माग काढत बसण्यासाठीच इंग्लंडात 1979 साली एक संस्था निघाली. तिचे सभासद एकेक आडनाव जणू दत्तक घेतात आणि जगभरात ते नाव लावणाऱ्या जिवंत-मेलेल्या सगळ्यांची टाचणं करत राहतात. उद्योग निवृत्त माणसाला शोभणारा आहे. पण टाचणं कितीही झाली तरी इंग्लंडात आज मोल्सवर्थ म्हटलं तर लोकांना कुणी लॉर्ड, मंत्री, अभियंता आठवत नाही. पुस्तकातला एक शाळकरी कार्टा आठवतो. जेफ्री विलन्सनं 1953 साली ‘डाउन विथ स्कूल’ लिहिलं, रोनाल्ड सर्लनं चित्रं काढली, आणि सेंट कस्टर्ड्‌स नावाच्या भयाण शाळेतला नायजेल मोल्सवर्थ घरोघरी गेला. ही ख्याती कशाबद्दल, तर स्पेलिंगबद्दल. इंग्रजी वाङ्मयात इतकं वाईट स्पेलिंग दुसऱ्या कुणाचं नसेल. पुस्तकाच्या नावातला स्कूलसुद्धा सीएचऐवजी के घालून लिहिलेला आहे.

जेम्स टॉमसनं हे पाहिलं असतं तर कुळाला बट्टा लागला म्हणून कपाळावर हात मारला असता. मला मात्र वाटतं, पोराचं फक्त गाव चुकलं. त्याला पुण्याला आणून देवनागरी शिकवायला हवी होती. स्कूल सीनं लिहा की केनं, देवनागरीत ते एकच. निम्म्या चुका जागच्या जागी माफ. उरल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या. त्यात तो नापासच झाला असता म्हणा, पण तिथे त्याला सोबत भरपूर होती, अगदी सरकारी पाट्या रंगवणाऱ्यांपासून आमच्यापर्यंत.